ओल्यावरची खूण

"‘ओला’वर खूण कुणी केली?" आत्यानं विचारलं.

"सही माझी आहे ना खाली? मग मीच केली असणार."

"सही नाही विचारत मी. नमुना ओला तपासला की वाळवून, असे दोन चौकोन असतात. तू ओल्यावर खूण केलीयस. ओला तपासलास तू तो?"

"हो."

"माझ्याकडे बघून सांग."

"तुला दिसतंय कुठे?" मी म्हणालो.

तोंडातून गेलं ते गेलंच. आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आज नऊ दिवस झालेत. डॉक्टरनं पंधरा दिवस घरात बसा म्हणून सांगितलंय, पण आत्या घरात बसलेली आमच्याकडे अजून कुणी पाहिलेली नाही. काळा चष्मा लावून, भिंतीला हात लावत लावत ती सकाळी लॅबमध्ये आली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, आठवड्याचे रिपोर्ट वाचून दाखव. मी वाचत गेलो, ती मान डोलवत गेली. पाच रिपोर्ट झाले. सहावा जंगलाच्या उताराचा, पाण्याच्या नव्या टाकीसाठीचा. मी वाचलं, "वाळू बहात्तर टक्के, चिकण माती आठ टक्के, पाणी नऊ टक्के." तिची मान थांबली.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"त्या डोंगरावर वाळू कुठून आली?"

"मला काय माहीत? डोंगराला विचार."

तिथून पेटलं. माझं पेटायला वेळ लागत नाही. ताई मला काड्या म्हणते ते उगाच नाही. एक म्हणजे मी काडीसारखा पेटतो, आणि दुसरं म्हणजे सगळीकडे काड्या करत फिरतो, असं तिचं म्हणणं.

"दिसत नाही मला," आत्या शांतपणे म्हणाली. "बोटं आहेत पण. आण तो नमुना."

मी डबा आणून तिच्या हातात दिला. तिनं चिमूट उचलली, अंगठ्यावर घासली आणि कानाजवळ नेली. खरंच कानाजवळ. माती करकर वाजली.

"ही भाजलीयस तू."

"वाळवली."

"म्हणजे ओली नव्हती."

"आता काय फरक पडतो, आत्या? माती ती माती. वाळवली म्हणून काय दगड झाली? पाणी घाल, होईल परत ओली."

तिनं वाटी पुढे केली. "घाल."

मी पाणी घातलं. पाणी आधी वरच थांबलं, मग खाली गेलं. आत्यानं बोटानं ढवळलं. दाणे दाणेच राहिले. चहा गाळल्यावर गाळणीत चोथा राहतो ना, तसे. भिजले, पण एकमेकांना धरेनात. मी बोट घालून चिरडून बघितलं. खरखर. मी डोंगरावरून जी माती आणली होती ती साबणासारखी होती, बोटाला लागली की सुटायची नाही. ही ती नव्हतीच. डबा तोच, त्यावरची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली आणि आत भलतंच काहीतरी.

"होईना परत?" आत्या म्हणाली.

मी आणखी पाणी घातलं.

"आता कधीच होणार नाही. साधी चिकण माती शंभर वेळा वाळव, शंभर वेळा भिजव, ती चिकणच राहते. ही तसली नाही. हिला एकदा वाळवलं की ती मेली."

"मला हे कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

हे खोटं होतं. आत्या म्हणाली आहे की सगळं लिही, गाळू नकोस. म्हणून लिहितोय. ओव्हनच्या वर भिंतीवर आत्याच्या अक्षरात कागद चिकटवलेला आहे. ‘डोंगरावरची काळी माती वाळवायची नाही. ओलीच धुऊन चाळायची.’ मी इथे लागलो त्या दिवसापासून तो तिथे आहे. मी त्याच्यावर माझं जॅकेट टांगतो. आज सकाळीही टांगलं होतं.

झालं ते असं.

शाळा सोडली तेव्हा आत्यानं मला लॅबमध्ये घेतलं. आमची लॅब म्हणजे दोन खोल्या. एकीत ओव्हन, वजनकाटा, चाळण्या आणि भिंतभर डबे. दुसरीत मोरी आणि पोती. रस्ता, पूल, टाकी, इमारत, काहीही बांधायचं असलं की तिथली माती आमच्याकडे येते आणि ती किती भार घेईल ते आम्ही आकड्यांत सांगतो. आत्या इथे सव्वीस वर्षं आहे. मी पाच महिने.

आत्या ऑपरेशनला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी जीप पाठवली. मोठे साहेब म्हणजे टाकीचं काम ज्यांच्याकडे आहे ते इंजिनियर. टाकी बांधून झाली होती, उद्घाटनाची तारीख ठरली होती, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की फायलीत मातीचा रिपोर्टच नाही. आधी लग्न, मग पत्रिका बघायची, तसला प्रकार. गुरुवारपर्यंत हवा, म्हणाले.

मी फावडं, पिशव्या घेऊन गेलो. ड्रायव्हर जीपमध्येच बसून राहिला. टाकीच्या वरच्या अंगाला जंगल सुरू होतं, तिथे मी खणलं. फावडं असं आत गेलं की मी तोल जाऊन पडणार होतो. वर गुडघाभर काळी माती. विटेएवढं ढेकूळ काढलं आणि हातात घेतलं तर पावासारखं हलकं. मला वाटलं आत पोकळ असेल. फोडलं, पोकळ नव्हतं. पिळलं तर ओल्या कपड्यासारखं पाणी गळलं. खाली पिवळा थर, मग परत काळा, परत पिवळा. जुन्या भिंतीचा रंग खरवडला की आधीच्या भाडेकरूंचे रंग दिसतात ना, तसं. दुसऱ्या काळ्या थरात कोळशाचे तुकडे होते, मुळांच्या आकाराचे.

"काय रे, हंडा सापडला का?" ड्रायव्हर जीपमधून ओरडला.

"सापडला. तुमच्या नावाचा नाहीये," मी म्हणालो.

आणखी एक गोष्ट बघितली होती. टाकीच्या खाली रस्त्यासाठी रोलर फिरत होता. रोलर पुढे गेला की मागची जमीन हलायची. खरंच हलायची, लाटेसारखी. एक मजूर तिच्यावर उड्या मारून बाकीच्यांना हसवत होता, गादीवर पोरं नाचतात तसा. मीसुद्धा हसलो होतो.

खड्ड्याच्या काठावर नेच्याचं एक छान रोप होतं. ते मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट उचललं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. ताईला द्यायचं म्हणून. ताईचं घर त्याच टाकीच्या खाली आहे. बावीस घरांची रांग आहे, तिच्या टोकाचं, उताराला अगदी चिकटलेलं. गेल्या वर्षीच ती आणि दाजी तिथे राहायला गेले. परत येताना द्यावं म्हटलं, पण ड्रायव्हर थांबेना. मग डबा लॅबच्या खिडकीत ठेवला आणि रोज पाणी घालत राहिलो.

लॅबमध्ये आलो आणि चाळायला घेतलं. ती माती चाळणीतून जाईचना. चाळणीची भोकं बुजली. धुतली, परत बुजली. तिसऱ्यांदा बुजली तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी चाळण मोरीत आपटली. ओली चाळायची तर दोन दिवस नुसतं धूत बसायचं. हातात एक दिवस होता. मी जॅकेट बाजूला केलं, कागद वाचला, जॅकेट परत टांगलं, आणि सगळी माती ताटल्यांत पसरून ओव्हनमध्ये सारली. आधी वजनही केलं नाही.

सकाळी बघतो तर कसली सुंदर माती. मोकळी, भुरभुरीत, चाळणीतून सळसळत खाली. नळीत घोळवली तर तासाभरात तळाला बसली. वाळू. मी खूश. फॉर्मवर पाण्याचा आकडा लागतो, तर त्या वाळलेल्या मातीला रात्रभरात हवेतली जी ओल धरली होती तेवढीच मोजली. नऊ टक्के. मग दोन चौकोन आले. ‘वाळवलेला’वर खूण केली असती तर साहेबांनी परत पाठवलं असतं, त्यांच्या यादीत स्पष्ट लिहिलंय की उतारावरची माती ओलीच तपासा. मी ‘ओला’वर खूण केली. बरोबरची खूण केवढीशी असते. पेन टेकवलं आणि उचललं.

आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आत्या येईल आणि म्हणेल, वा रे, एकट्यानं केलंस.

तर आज सकाळी आत्यानं विचारलं, "त्यातली थोडी तरी ओली ठेवलीयस का? पिशवीच्या तळाला वगैरे?"

"नाही. पिशव्या धुतल्या."

"नको तिथे बरा स्वच्छ असतोस."

मग मला खिडकीतला डबा आठवला. मी उचलून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आत्यानं रोपाच्या मुळांमध्ये बोटं घातली. सुपारीएवढा गोळा काढून तिनं तळहातावर ठेवला.

"बघ. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी करतेय. मला माहितीये काय होणार ते."

गोळा घट्ट होता. तिनं तो हात दुसऱ्या हातानं खालून ठोकायला सुरुवात केली. टप, टप, टप. पाच-सहा ठोक्यांत माती चकाकली. तिच्यावर पाणी आलं, कुठून आलं कळलं नाही, आणि गोळा पसरला. तळहातावरून मनगटाकडे ओघळायला लागला. आत्यानं ठोकणं थांबवलं. ओघळ जिथे होता तिथेच थांबला आणि थोड्या वेळात परत घट्ट झाला.

मला रोलर आठवला. त्याच्या मागची ती लाट.

"हलवली की सोडून देते," आत्या म्हणाली. "नाही हलवली तर हजार वर्षं उभी राहते. ज्वालामुखी होता हा डोंगर, कधीकाळी पेटला होता. राख पडली, त्यावर जंगल आलं, परत राख पडली, परत जंगल. तू बघितलेस ना काळे थर? प्रत्येक काळा म्हणजे एकेक जंगल, वरच्या राखेखाली गेलेलं. राख कुजत नाही म्हणतात लोक, पण पावसापाण्यात ती बदलते. इतकी बारीक होते की तिचं काही वेगळंच होऊन बसतं. स्पंजसारखं. त्यात पाणी असतं, म्हणजे किती असतं..."

"नऊ टक्के," मी पुटपुटलो.

"मूर्खा."

मग तिनं कपाटातून एक बाटली काढायला लावली आणि कागदाच्या पट्ट्या. पट्टीवर चिमूटभर माती ठेव, वर एक थेंब टाक, म्हणाली. थेंब टाकला. पट्टी बघता बघता गुलाबी झाली. आत्याला दिसत नव्हतं. "झाली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, झाली. "आता तुझी भाजलेली ठेव." ठेवली. तीही गुलाबी झाली.

"म्हणजे राखेची आहे हे तिच्यात अजून आहे. मेली तरी खूण सोडली नाही तिनं. दोन मिनिटांचं काम होतं रे हे."

मी खाली बसलो. स्टुलावर नाही, जमिनीवरच.

"टाकी केवढी आहे?" आत्यानं विचारलं.

"पाच लाख लिटर."

"पाचशे टन," ती म्हणाली, आणि चष्म्याखालून तिनं डोळे पुसले. डॉक्टरनं डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. "पाणी कधी भरणार?"

"उद्या दहा वाजता उद्घाटन."

"म्हणजे आजचा दिवस आहे हातात."

तिनं ठरवलं ते असं. ती साहेबांच्या ऑफिसला जाणार. पण साहेब तिचं ऐकणार नाहीत. म्हणतील, बाई, तुम्ही तर सुट्टीवर होता, तुम्हाला काय माहीत, आणि आता दिसतही नाही तुम्हाला. म्हणून मी दोन कामं करायची. एक, डब्यातली माती मधून काढून, पन्नास ग्रॅम पातळ पसरून ओव्हनमध्ये ठेवायची आणि दर अर्ध्या तासानं वजन करायचं, आकडा खाली यायचा थांबेपर्यंत. दुसरं, जे केलं ते माझ्या अक्षरात लिहायचं.

"सगळं," ती दारातून म्हणाली. "कागदावर जॅकेट टांगलं होतंस तेही."

तिला ते कसं कळलं ते मी विचारलं नाही.

"आणि डब्यात तू रोज पाणी घालत होतास, म्हणून आकडा थोडा जास्त येईल. तेही लिही. खोट्याला खोटं नको."

खालच्या दुकानातल्या मुलीनं तिला रिक्षात बसवलं. मी ओव्हनसमोर बसलो.

सुरुवात, पन्नास ग्रॅम. अर्ध्या तासानं बेचाळीस. मग पस्तीस. प्रत्येक वेळी वाटी काढताना वाटतं, आता थांबेल. मी एवढं पाणी मातीतून जाताना कधी बघितलेलं नाही. ओव्हनच्या दाराला आतून वाफ धरलीय, भात शिजतोय असं वाटावं.

पस्तीस झाल्यावर ताईचा फोन आला. हे लिहायची गरज नाही, पण आत्या म्हणालीय गाळू नकोस.

"काड्या, तुझ्या सुतारकीचं कौतुक करायला फोन केलाय," ताई म्हणाली. "दार परत लागत नाही."

तिचं मागचं दार. गेल्या रविवारी मी जाऊन तासून दिलं होतं. वरचा एक कोपरा चौकटीला घासत होता.

"तासलं होतं ना मी."

"तासलं होतंस. चार दिवस नीट लागलं. आज तर अर्ध्यावरच अडलंय, ना धड उघडं ना धड बंद. दाजी म्हणतात, मेहुण्यानं दार तासलं की घर बदलायची वेळ येते."

"दाजींना म्हणावं स्वतः तासा."

"ते कामावर गेलेत. आणि ऐक ना, गंमत सांगते. तुझ्या भाचीचा चेंडू कुठेही ठेवला तरी मागच्या भिंतीला जाऊन बसतो. ती ठेवते, तो जातो, ती टाळ्या वाजवते. तासभर हाच खेळ चाललाय. तेवढंच बरं, सकाळपासून त्या पंपाच्या घरघरीनं ती झोपलीच नाहीये."

"ताई, मी कामात आहे. दार-बिर नंतर."

"हो, मोठा साहेबच तू," ती म्हणाली आणि हसली. मी फोन ठेवला. मनात म्हटलं, इथे माझी काय लागलीय आणि हिला दाराचं पडलंय.

एकोणतीस. चोवीस.

हे लिहीत बसलोय ते त्याच्यानंतर. इतका वेळ नीट लिहिलं. वीस झाले. आता एकोणीस. वर परत वाचून काढलं, कुठे काही गाळलं का बघायला, आणि दाराशी अडलो.

दार मी तासलं तेव्हा लाकडाचा जो तुकडा निघाला तो त्रिकोणी होता. वर बोटभर जाड आणि खाली येत येत शून्य. तेव्हा वाटलं, पाण्यानं लाकूड फुगलं असेल. पण लाकूड फुगतं ते सगळीकडून फुगतं. एकाच कोपऱ्यात फुगत नाही. दार फुगलेलं नव्हतं. चौकट तिरकी झालेली होती. चौकट तिरकी होते म्हणजे भिंत गेलेली असते, आणि भिंत जाते म्हणजे तिच्याखालचं काहीतरी गेलेलं असतं. माझ्यासारखा जो जमिनीतले थर मोजतो, मजुराची उडी बघतो, ड्रायव्हरला टोमणे मारतो, तो तो तुकडा हातात धरून उभा होता आणि त्यानं तो चुलीजवळ फेकून दिला. तेव्हा तर वर टाकीत थेंबही नव्हता, नुसता रोलर फिरला होता.

आणि चेंडू.

आणि पंप. तो शब्द मी लिहिला आणि पुढे गेलो. सकाळपासून घरघर. कसला पंप? मी पेन खाली ठेवलं. उद्या दहाला उद्घाटन. उद्या दहाला कुणीतरी मोठा माणूस येऊन नळ फिरवणार आणि त्यातून पाणी येणार, सगळे टाळ्या वाजवणार. पाणी यायला टाकी भरलेली नको का? ती आजच भरणार. ती आज सकाळपासून भरतेय. आत्या म्हणाली आजचा दिवस हातात आहे. मी म्हटलं हो. दोघांनाही सुचलं नाही.

ताईला फोन लावला.

"ताई, बाळाला घे आणि घराबाहेर पड. रस्त्यापलीकडे जा. रांगेतल्या सगळ्यांना सांग."

"काय झालं?"

"घर सरकतंय. टाकी भरतायत. तुझं दार त्यामुळे लागत नाहीये."

ती म्हणाली, "काड्या, शाळा सोडलीस तेव्हा काय सांगत होतास आठवतंय? शाळेचं छप्पर पडणार आहे म्हणून. बाबा स्वतः जाऊन बघून आले होते. छप्पर अजून आहे तिथेच."

"तेव्हा मी खोटं बोललो होतो."

"आणि आता?"

"आता खरं सांगतोय."

"ओरडू नकोस, ती दचकते. बरं, आत्या काय म्हणते?"

"आत्या साहेबांकडे गेलीय. तू आधी बाहेर पड."

"आत्याला फोन करायला सांग. तिनं म्हटलं की निघते. आणि तू दार तासायला ये, मग बघू."

आत्याला फोन लावला. तिचा फोन माझ्यामागे कपाटात वाजला. तिला आकडे दिसत नाहीत म्हणून ती इथेच ठेवून गेलीय.

साहेबांच्या ऑफिसला लावला. शिपायानं उचलला. साहेब मीटिंगमध्ये, म्हणाला. काळ्या चष्म्यावाल्या बाई बाहेर बाकावर बसल्यात, दोन तास झाले. मी म्हटलं, त्यांना फोन द्या. तो म्हणाला, वायर तिथवर पोचत नाही. मी म्हटलं, मग त्यांना सांगा, टाकी आजच भरतायत, आत्ता भरतायत, एवढंच सांगा, त्यांना कळेल. तो म्हणाला, सांगतो. ज्या आवाजात मी पाच महिने आत्याला ‘करतो’ म्हणत आलोय, अगदी त्याच आवाजात.

परत ताईला लावला. वाजतोय. उचलत नाही. माझ्यावर चिडली असेल, किंवा भाचीला झोपवत असेल. मागच्या खोलीत झोपवते ती तिला. उताराकडच्या. वाजू दे म्हणून फोन तसाच शेजारी ठेवलाय.

मघाशी वाटी काढली होती. अठरा पूर्णांक शून्य. आत्ता परत काढली. अठरा पूर्णांक शून्य. थांबला आकडा. पन्नास ग्रॅममध्ये माती अठरा, पाणी बत्तीस. वाळलेल्या शंभर ग्रॅमच्या हिशेबानं एकशे अठ्ठ्याहत्तर टक्के. मी नऊ लिहिलं होतं. डब्यात मी पाणी घातलं होतं, म्हणून थोडे कमी करा. कितीही कमी करा.

‘ओला’वर खूण मी केली. नमुना वाळवलेला होता. मला माहीत होतं. आत्याला काहीच माहीत नव्हतं, ती दवाखान्यात होती.

ओव्हन बंद केलाय. कागद दारातच ठेवतोय, त्यांच्यावर पाच किलोचं वजन आणि ती वाटी. जो कुणी आधी येईल त्यानं वाचत बसू नये, साहेबांकडे पोचवावेत, आणि बाकावरच्या बाईंना सांगावं की तो टाकीकडे गेलाय. पंपाची हिरवी खोली मी जीपमधून बघितलेली आहे, बटण आतच असणार. आधी ताईचं घर लागतं, मग पंप. दुकानातल्या मुलीची सायकल खाली आहे, न विचारता घेतोय.

फोन अजून वाजतोय. मला आता निघायला हवं.